अव्वांची जीभ

आमच्या घरात तैवानचा विषय निघाला की मी उठते. चहा ठेवायला, गॅस बंद केलाय का बघायला, कशालाही. घरातल्यांना वाटतं, अव्वांच्या आठवणीने मला गलबलून येतं. वाटतं तर वाटू दे — मी तो समज कधी खोडला नाही. सासूच्या आठवणीने डोळे पुसणारी सून कुणाला आवडत नाही? पण मी उठते ते वेगळ्याच कारणाने. ते ना नवऱ्याला ठाऊक आहे, ना मुलाला. देवासमोर बसते तेव्हाही मी त्या दिवसाला वळसा घालून पुढे जाते. तुम्ही माझे कुणी लागत नाही. तुमच्यासमोर उद्या मला ताट वाढायचं नाही. म्हणून बहुधा तुम्हाला सांगता येईल.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर कर्नाटकच्या सीमेलगतच्या दुधनीचं, त्यामुळे बोलणं मराठी आणि मनापासून खूश झाल्या की कानडी. आम्ही लिंगायत. अव्वांच्या गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. नातवाच्या वाढदिवसाला कुणी अंड्याचा केक आणला तर तो आमचा जिना न चढताच परत जायचा.

आणि अव्वांची जीभ! सोलापुरात शेंगा चटणी घरोघरी होते, पण आमच्या मागच्या खोलीतली चटणी लोक रिक्षा करून न्यायला यायचे. गल्लीतल्या चारपाच बायका कुटायला यायच्या. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं — उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मग अव्वा पाटावरून हात पुढे करायच्या. चिमूटभर चटणी जिभेवर, डोळे मिटलेले. तेवढा वेळ सगळ्या बायकांचे हात थांबायचे. अव्वा ‘झालं’ म्हणाल्या की पाकिटं भरायची, ‘मीठ मागतीय’ म्हणाल्या की परत मुसळ उचलायचं. त्या चुकल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. कुणाची चूक त्यांनी पोटात घातल्याचंही पाहिलं नाही.

मी सांगोल्याहून लग्न होऊन आले त्याच आठवड्यात एकदा चव बघून मीच म्हटलं, “झालीय की.” अव्वांनी चिमूट घेतली आणि ते अख्खं उखळ परत कुटायला लावलं. वर म्हणाल्या, “सांगोल्याची जीभ ही. टँकरच्या पान्यावर वाढलेली. तिला काय कळतंय?”

बायका हसल्या. मीही हसले. नव्या सुनेने दुसरं काय करायचं? पण ते वाक्य आमच्या घरात मग कायमचं राहायला आलं. भाजीत मीठ कमी पडलं — सांगोल्याची जीभ. आमटी आंबट झाली — सांगोल्याची जीभ. पुढे माझा मुलगासुद्धा गमतीने म्हणायला लागला. मी चटणी कुटली, शेंगदाणे आणले, गिऱ्हाइकं सांभाळली, पण चिमूट घ्यायला माझा हात पुढे गेला नाही, तो गेलाच नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. माझ्या पोटात काय साठलं होतं, ते तुम्हाला माहीत असावं एवढंच.

निखिल, माझा मुलगा, तैवानला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर आहे. एका हिवाळ्यात त्याने आम्हाला बोलावून घेतलं. आमच्या मालकांना चादरींचं दुकान सोडवेना, म्हणून मी आणि अव्वाच गेलो. अव्वांच्या अर्ध्या बॅगेत कडक भाकरी आणि चटणी. विमानात, बागेत, देवळाच्या पायरीवर — भूक लागेल तिथे अव्वा गाठोडं सोडायच्या. एकदा तर मेट्रोत सोडलं. त्या मेट्रोत पाणी प्यायलाही बंदी! लसणाचा वास डबाभर पसरला, समोरची एक मुलगी उठून लांब जाऊन बसली, आणि अव्वा आपल्या निवांत कडाकडा भाकरी मोडतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी निखिल आम्हाला डोंगरातली जुनी गावं दाखवायला नेणार होता. सकाळी अव्वा पूजेला बसलेल्या असताना मी पिशवीतून ते गाठोडं काढलं आणि फ्रिजवर, डब्यांच्या मागे ठेवून दिलं. विसरले, असं मी नंतर सांगितलं. विसरले नव्हते. मला एक दिवस हवा होता — लसणाच्या वासाशिवाय, लोकांनी वळून न बघता — एकच दिवस. हवा होता तर हवा होता. पण पुढचं सगळं त्या फ्रिजपासून सुरू झालं.

पहिल्या गावाचं नाव शिफेन. बाजाराच्या मधोमध रेल्वेचे रूळ, आणि रुळांवर उभं राहून लोक कागदाचे मोठाले आकाशकंदील सोडतात. कंदिलाच्या चारी बाजूंना आपलं मागणं लिहायचं, आत जाळ पेटवायचा आणि हात सोडून द्यायचे. निखिल कुंचला घेऊन बसला, अव्वा सांगायला लागल्या. एक बाजू दुकानासाठी, एक निखिलच्या लग्नासाठी, एक सिद्धरामेश्वराच्या नावाने. चौथ्या बाजूला म्हणाल्या, “लिही, सूनबाईचं पित्त जाऊ दे म्हनावं. लई चिडती.”

निखिल पोट धरून हसला. आजूबाजूच्यांनी फोटो काढले. माझं पित्त लाल कागदावर चढून डोंगरापलीकडे गेलं आणि मी खाली उभी राहून हसत होते. अव्वांनी ते प्रेमाने लिहायला लावलं असेल का? असेलही. तेव्हा मला तसं वाटलं नाही. आता त्यांना विचारता येत नाही.

तिथून जिउफेन. पूर्वी सोन्याच्या खाणी होत्या म्हणे, आता उरलेत ते जिने. गावच्या गाव डोंगरावर चढवलेलं, अरुंद बोळ, वर लाल कंदिलांच्या रांगा, आणि आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला लाजवेल अशी गर्दी. झिमझिम पाऊस, धुकं. दोन्ही बाजूंना खायच्या गाड्या — कुठे निखाऱ्यावर काहीतरी चरचरतंय, कुठे वाफा निघतायत, कुठे आंबवलेल्या टोफूचा तो वास, जो आला की अव्वा पदर नाकाला लावून ‘शिव शिव’ करायच्या. एका गाडीपाशी मात्र त्या जाग्यावरून हलेनात. शेंगदाण्याच्या चिक्कीची पाटाएवढी वडी, आणि तो माणूस सुतारासारखा तिच्यावर रंधा मारत होता. पडलेला भुगा पातळ पोळीवर घालायचा, त्यावर आइस्क्रीमचे गोळे, वर कोथिंबीर, आणि गुंडाळी. अव्वांनी सरळ हात पुढे केला. त्या माणसाने हसून चिमूटभर भुगा दिला. डोळे मिटले, उघडले. “शेंगा जरा ज्यादा भाजल्यात,” अव्वांनी निकाल दिला. परक्या मुलखात, परक्या गाडीवर! निखिलने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

रांग लांब होती. निखिल रांगेत उभा राहिला आणि आम्हाला म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, वर शाकाहारी दुकान आहे, तिथे बसा. शाकाहाराचं त्यांचं एक अक्षर असतं. ते त्याने मला आल्या दिवसापासून शिकवलं होतं, घोटून घेतलं होतं. पाटीवर ते दिसलं की डोळे मिटून खा, नाही दिसलं तर अव्वांना काही देऊ नको.

थोडं वर गेलो आणि अव्वा पायरीवर बसल्या. घाम सुटलेला, हात थरथरतायत. सकाळी शुगरची गोळी घेतलेली आणि पोटात चहापलीकडे काही नाही. म्हणाल्या, “भाकरी काढ गं.”

मी पिशवीत हात घालून उगाच शोधल्यासारखं केलं. “अव्वा, घरी राहिली वाटतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पदराने मानेवरचा घाम पुसला.

शेजारीच एक शेवयांचं दुकान होतं. मी त्यांना हाताला धरून आत बसवलं. दारात मोठं पातेलं रटरटत होतं. पाटीवर ते अक्षर नव्हतं. घाईत माझ्या लक्षात आलं नाही — असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. म्हातारं माणूस गळाठलेलं, मी बावरलेली, परकी भाषा. कुणाचीही चूक होईल, नाही का?

पण चूक नव्हती ती. मी मोबाइल काढून पाटीवर धरला होता. निखिलने त्यात भाषांतर करणारं काहीतरी घालून दिलं होतं, समोरची अक्षरं हिंदीत दाखवणारं. त्यात स्पष्ट आलं — डुकराच्या हाडांचा रस्सा. मी वाचलं आणि फोन पर्समध्ये टाकला. मग स्वतःला सांगितलं, ही यंत्रं काहीही सांगतात.

आणि हेही अजून पुरतं खरं नाही. थांबा — सांगते.

त्या दुकानातल्या बाईने मला सांगितलं होतं. तिने अव्वांच्या कपाळावरची विभूती पाहिली, गळ्यातलं लिंग पाहिलं. तिच्याकडेही व्रतवाले लोक येत असतील. तिने छातीशी हात जोडले, अव्वांकडे बोट केलं, मग पातेल्याकडे बोट करून मान हलवली — नाही, नाही. आणि बाहेर येऊन जिन्याच्या वरच्या बाजूला हात दाखवला. तिकडे जा. वरचं दुकान तिथून दिसत होतं. त्याच्या पाटीवर ते अक्षरही दिसत होतं. वर जाऊन मी डब्यात काही बांधून आणू शकले असते. शेजारी पेरू, संत्री विकायला होती. खाली माझा मुलगा चिक्की घेऊन येतच होता. हे सगळं अशासाठी सांगते, की तुम्ही चांगली माणसं असाल आणि माझ्यासाठी एखादी सबब शोधायला लागाल.

मी त्या बाईला काहीच न कळल्यासारखं हसले आणि भिंतीवरच्या वाडग्याच्या चित्रावर बोट ठेवलं. वर ठेवलेलं मांस नको, एवढं खुणेने सांगितलं. तिने परत एकदा अव्वांकडे पाहिलं. मी परत बोट ठेवलं.

का? मला वर चढायचा कंटाळा आला होता. आणि — हे लिहायला हात रेटावा लागतोय — मला बघायचं होतं. ती जीभ, जिला सगळं कळतं, तिला हे कळतं का ते.

वाडगा आला. शेवया, हिरवी पालेभाजी, वर लालसर तळलेला कांदा. अव्वांनी विचारलं, “आपल्याला चालतंय न्हवं हे?”

“चालतं. मी विचारलंय.”

अव्वांनी पहिला घोट घेतला. डोळे मिटले. मी श्वास रोखून बघत होते. डोळे उघडले आणि म्हणाल्या, “भाळ चलो ऐती!” — फार छान आहे. कानडीत म्हणाल्या. म्हणजे मनापासून. मग तो कांदा दातांखाली धरून विचारात पडल्या. “कशात तळलाय गं ह्यो? तेल न्हवं. तूप बी न्हवं.”

“तिळाचं तेल आहे, अव्वा.”

“तिळाचं न्हवं,” त्या म्हणाल्या, पण खात राहिल्या. वाडगा तोंडाला लावून शेवटचा थेंबसुद्धा प्यायल्या. ती बाई पातेल्यामागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या मुलखातल्या कुठल्याच माणसाचा चेहरा आता मला आठवत नाही. तिचा आठवतो. निखिल आला, पाटी बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, भाज्यांचा रस्सा मागून घेतलाय. आईवर कोण अविश्वास दाखवतो?

सोलापूरला आल्यावर अव्वांनी गल्लीभर डंका पिटला. माझ्या सुनेनं परक्या मुलखात घासाघासाला विचारून मला खाऊ घातलं, माझा धर्म राखला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत मला शाबासकी दिली, आणि ती ह्या गोष्टीसाठी. मी ती मान खाली घालून घेतली. बायकांना वाटलं, किती विनय!

एवढ्यावर संपलं असतं तर तो माझ्या उरावरचा एक धोंडा राहिला असता, अव्वांच्या नव्हे. पण अव्वांना ती चव पाहिजे होती. त्यांनी कांदा तळायला घेतला. करडईच्या तेलात तळला, शेंगदाण्याच्या तेलात तळला, तिळाच्या तेलात, लोण्यात, तुपात. शेवया उकडल्या, भाज्यांचं पाणी काढलं. दर वेळी डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “न्हाय. ती चव न्हाय. काय हुतं गं त्यात?” आज विचारायच्या, उद्या विचारायच्या. पाहुण्यांसमोर विचारायच्या, फोनवर निखिलला विचारायच्या. एका दुपारी त्यांनी पुन्हा वाटी पुढे केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अव्वा, तसंच झालंय. अगदी तसंच. तुमच्याच जिभेला आता चव राहिली नाही. वय झालं.”

अव्वा वाटीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “व्हय?”

त्या एका शब्दात मला काय मिळालं, ते सांगू? सूड मिळाला. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या जिभेचा सूड. पहिल्यांदा सुटका म्हणून बोलले, पण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी ते मुद्दाम बोलले. आमटी खारट लागली — तुमची जीभ, अव्वा. दूध लागलंय वाटतं — तुमची जीभ. दूध खरंच करपलेलं असायचं. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, काही झालेलं नाही, जीभ ठणठणीत आहे. रिक्षात बसल्यावर मी अव्वांना सांगितलं, वयाने होतं असं, डॉक्टर म्हणाले.

मग एक दिवस चटणीचं उखळ तयार झालं, बायकांचे हात थांबले, आणि अव्वांनी हात पुढे केलाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तूच बघ गं.” मी चिमूट घेतली. डोळेसुद्धा मिटले, अव्वांसारखे. ‘झालं’ म्हटलं. कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून अव्वा पाटावर बसल्या नाहीत. त्या आत खाटेवर पडून मुसळाचा आवाज ऐकायच्या. भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या, “माजी जीभ मेली.” एखादं माणूस गेल्याचं सांगावं तशा सांगायच्या. वाढलेलं निमूट गिळायच्या, चांगलं म्हणायच्या नाहीत, वाईटही नाही.

एकदा एका लग्नघरातून आमची सगळी चटणी परत आली. खवट. शेंगदाणे मीच आणले होते, चवही मीच बघितली होती. आमचे मालक चिडले. अव्वा खाटेवरून म्हणाल्या, “मला खवट लागली हुती गं. गुपचूप चिमूट घेतली हुती मी. पन म्हनलं, माजीच जीभ मेलीय, तुला कशाला तरास?”

तेव्हा सांगता आलं असतं. ‘अव्वा, तुमची जीभ बरोबर आहे’ — एवढंच. त्यासाठी डुकराचं नावही घ्यावं लागलं नसतं. त्यांचा धर्म बुडाल्याचं त्यांना कळू नये म्हणून मी गप्प राहिले, असं मला म्हणता येईल. चांगलं दिसेल ते. पण धर्म माझ्या डोक्यातही नव्हता. पाट माझा झाला होता आणि तो मला परत द्यायचा नव्हता.

त्यानंतर अव्वा फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. उन्हाळा, नळाला पाणी नाही. अव्वांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला, डोक्याखाली हात घालून त्यांना पाजायला लागले. एक घोट घेऊन त्या थांबल्या.

“खारट लागतंय गं पानी,” म्हणाल्या. “का माजीच जीभ?”

“तुमचीच, अव्वा.”

त्यांनी मान हलवली आणि बाकीचं सगळं पाणी पिऊन टाकलं.

ते बोअरचं पाणी होतं. मीच भरून ठेवलं होतं. मी सांगोल्याची — खारं पाणी मला नुसत्या वासावरून कळतं.